समासातलं अक्षर

चष्मेवालीच्या घरी गाडी नव्हती, आणि ती का नाही हे घरातलं कुणी कुणाला विचारत नसे. पाहुणे कधीतरी विचारायचे. तेव्हा नवरा मोठ्यानं हसून म्हणायचा, "बस दारावरून जाते, ट्रेन मागून जाते. गाडी घेऊन काय करू, लोणचं घालू?" पाहुणे हसायचे, विषय बदलायचा आणि चष्मेवाली कपबशा उचलून आत निघून जायची.

चष्मेवाली हे तिचं गल्लीतलं नाव. चौकातल्या चष्म्यांच्या दुकानात ती अठरा वर्षं डोळे तपासत होती. नवरा तरणतलावावर पोहायला शिकवायचा. त्याच्या अंगाला क्लोरिनचा वास असायचा आणि आवाज असा, की घरातसुद्धा पलीकडच्या काठावरच्या माणसाशी बोलल्यासारखा बोले. "मला पाण्यात सोडा, रस्त्यावर नको," म्हणत त्यानं गाडी कधी शिकलीच नाही. सासूबाई पंचाहत्तरीच्या, गुडघे रुसलेले पण कान तिखट. आणि मुलगी सतरा वर्षांची, अबोल. हाक मारली की 'ओ' द्यायची, पण अंमळ उशिरानं.

पाचवं माणूस सहा वर्षांपूर्वी गेलं. नवऱ्याची मोठी बहीण, मुलीची आत्या. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. पुस्तक छापायच्या आधी त्याची कच्ची पानं वाचायची आणि चुकलेल्या अक्षराला समासात लाल पेन्सिलीनं खूण करायची. ही खोड घरातही सुटली नव्हती. वाण्याची यादी असो, लग्नाची पत्रिका असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, आत्याची लाल पेन्सिल त्यावरून फिरल्याशिवाय राहत नसे. चष्मेवाली तिला मुद्दाम 'वन्सं' म्हणायची. "वन्सं म्हणू नकोस गं वहिनी, शंभर वर्षांची झाल्यासारखं वाटतं," म्हणत ती चिडायची आणि पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात सारायची. दोघींचं असं मेतकूट, की या बहिणी आहेत की नणंद-भावजय, हे नव्या माणसाला कळत नसे.

या आत्यानं मरायच्या आधी एक जाडजूड पुस्तक दोनदा तपासलं होतं. स्पेन आणि पोर्तुगाल कसे फिरावेत, याचं. पुस्तक तिला तोंडपाठ झालं होतं. पोळी लाटता लाटता म्हणायची, "लिस्बनच्या ट्राममध्ये ना वहिनी, चढावर दांडा घट्ट धरायचा. नाहीतर माणूस दुसऱ्याच्या मांडीवर." जणू कालच जाऊन आलीय. पाहिलं मात्र तिनं काहीच नव्हतं.

ती जाऊन सहा वर्षं झाली, त्या वर्षी एका रविवारी सासूबाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "तिनं जे वाचलं ते मी बघून येईन म्हणते. गुडघे आहेत तोवर."

मग नवरा म्हणाला, "जाऊ या की." इतक्या हळू आवाजात तो क्वचितच बोले.

प्रवास आखायचं काम चष्मेवालीकडं आलं, कारण घरात नेटकं काम करणारी तीच. सगळं ट्रेननं आणि बसनं करायचं, हे कुणी ठरवलंसुद्धा नाही. ते ठरलेलंच होतं. तिनं चौकटीची वही आणली. सासूबाईंच्या खाटेखालची ट्रंक ओढून आत्यानं तपासलेल्या प्रुफांचा गठ्ठा बाहेर काढला. सहा वर्षांत तिनं प्रथमच ती ट्रंक उघडली, तर कागदाच्या वासाबरोबर पेपरमिंटचा वास आला. चष्मेवाली क्षणभर तशीच ओणवी राहिली. मग गठ्ठा घेऊन झाकण लावून टाकलं.

कामावरून आलं की ती जेवणाच्या टेबलाशी वही, लॅपटॉप आणि तो गठ्ठा घेऊन बसायची. बार्सिलोना ते माद्रिद वेगवान ट्रेन. माद्रिद ते सेव्हिल तीही तशीच. मग अडचण. सेव्हिलहून लिस्बनला थेट ट्रेन नाही, बसनंच जायला हवं. सासूबाईंना दर दोन तासांनी पाय मोकळे करायला लागतात. बस कुठं थांबते? किती मिनिटं? जिने किती, सरकते जिने किती? सुटली तर पुढची कधी? प्रत्येक गाडीसाठी तिनं दुसरी गाडी शोधून ठेवली, आणि त्या दुसरीसाठी तिसरी. नवरा मागून डोकावून म्हणाला, "अगं, फिरायला जातोय की लढाईला?" ती हसली नाही.

एके सकाळी चहा घेताना तिनं वही उघडली आणि हातातला कप तसाच राहिला.

सेव्हिल ते लिस्बन हे पान होतं. आदल्या संध्याकाळी तिनं लिहिलं होतं : सकाळी दहाला निघून सात तास, म्हणजे पोच संध्याकाळी पाच. त्या पाचावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ होती. समासात बारीक, उजवीकडं झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं : 'चार. पोर्तुगालचं घड्याळ एक तास मागं.'

दुरुस्ती बरोबर होती. अक्षरही तिच्या ओळखीचं होतं. 'घ'ची गाठ अशी वेलांटीसारखी वर नेणारं माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिलं होतं.

तिनं वही मिटली. नवरा न्हाणीघरात गात होता. सासूबाई पेपर धरून बसल्या होत्या, मुलगी बूट घालत होती. "आई, बरं वाटत नाहीये का?" मुलीनं विचारलं. "काही नाही गं. चहा पोळला." तो चहा केव्हाच थंड झाला होता.

त्या दिवशी दुकानात शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई डोळे तपासायला आल्या. आतल्या खोलीत दिवे मालवायचे, समोर अक्षरांचा तक्ता उजळायचा, आणि नाकावर बसवलेल्या जड चौकटीत एकेक काच बदलत विचारायचं : हे बरं की आधीचं? अठरा वर्षांत लाखभर वेळा तरी तिनं हे विचारलं असेल. तिनं काच बदलली. "आता बरं दिसतंय, की आधी?"

"आधीचंच बरं होतं, वहिनी."

आवाज डावीकडून आला होता, तिच्या खांद्याजवळून. ती इतकी दचकली, की हातातली काच फरशीवर पडली. "काय झालं हो?" बाईंनी त्या जड चौकटीतून घाबरून पाहत विचारलं. "मी अजून काही बोललेसुद्धा नाही."

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगावं तर बहिणीचा विषय निघाला, की तो पोहायला निघून जायचा, तलावाला सुट्टी असली तरी. सासूबाईंना सांगावं तर त्यांची पोटची पोर. मुलीला काही सांगायचा प्रश्नच नव्हता. अपघातानंतर डॉक्टर नवऱ्याला म्हणाले होते, की हिला काही विचारू नका, आठवलं तर आपोआप आठवेल. ते अकरा वर्षांच्या मुलीनं असं काही मनावर घेतलं होतं, की त्या दिवसापासून ती आईला फारसं काही विचारेनाशीच झाली.

कारण चष्मेवालीला आठवतच नव्हतं. आत्याच्या मैत्रिणीला भेटून तिघी परतत होत्या. गाडी चष्मेवाली चालवत होती, आत्या शेजारी, मुलगी मागं. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेतला, इथवर सगळं लख्ख आठवत होतं. आत्यानं टपरीच्या पाटीवरचं चुकलेलं अक्षर नखानं खरवडून दाखवलं होतं, ते हसणंसुद्धा आठवत होतं. त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत, आणि आत्या नव्हती. मधला तासभर पुसलेला. पोलीस म्हणाले, दाट धुकं, वळणावर दिवे नसलेला बंद ट्रक, तुमचा दोष नाही. पण आठवत नसलेल्या तासात माणूस काय वाटेल ते भरतं. सहा वर्षं तिनं त्यात काय काय भरलं होतं. कधी ती वेगात होती. कधी रेडिओ लावायला खाली वाकली होती. कधी नुसतीच डुलकी. डोळे तपासणारी बाई, आणि समोरचा ट्रक दिसला नाही. गाडी विकली. बसमध्ये चढली, की ती थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसे, जिथून समोरचा रस्ता दिसत नाही.

वहीतल्या खुणा थांबल्या नाहीत. दोन-तीन दिवसांआड एखादी सापडायची. 'इथं जिना आहे, आईला जमणार नाही.' 'सोमवारी बंद.' आत्या आपल्या आईला आईच म्हणायची, आणि वहीतली 'आई' तीच होती, हे वाचताना चष्मेवालीच्या मानेवर काटा यायचा. भीतीबरोबर एक लाज वाटणारी गोष्टही होती : ती वाट पाहायला लागली होती. सकाळी वही उघडायच्या आधी ती हात पुसून घ्यायची. एकदा तर तिनं मुद्दाम एक वेळ चुकीची लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त झाली होती.

मग बसमधल्या जागांचं पान आलं. तिनं चौकटींवर बस काढली होती. पुढं सासूबाई आणि मुलगी, पलीकडं नवरा, आणि अगदी मागं, एकटी, ती स्वतः. तिच्या रिकाम्या शेजारच्या चौकटीपाशी लाल हंसपद होतं. सुटलेला शब्द कुठं घालायचा हे दाखवायला प्रुफं तपासणारे काढतात ती, उलट्या 'व्ही'सारखी खूण. समासात फक्त इतकंच : 'इथं कुणीतरी सुटलंय.'

त्या दिवशी तिनं दुकानाला सुट्टी घेतली आणि दिवसभर अंथरुणात भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

पुढच्या रविवारी दुपारी सगळे टेबलाभोवती बसले. बरंचसं ठरलं होतं. नवऱ्यानं टाळ्या पिटून जाहीर केलं, की मंत्रिमंडळाची शेवटची बैठक सुरू होत आहे, आक्षेप असल्यास हात वर करावेत. मुलीनं हात वर केला.

"मला एका गावात जायचंय," ती म्हणाली. तिनं गठ्ठ्यातलं एक पान पुढं सरकवलं. पोर्तुगालच्या सीमेजवळचं टेकडीवरचं खेडं, पांढरी घरं, खाली मोठा तलाव. आत्यानं त्या परिच्छेदाभोवती लाल चौकट काढली होती. त्यात चूक एकही नव्हती, नुसतीच चौकट.

चष्मेवालीनं लॅपटॉपवर पाहिलं. "बस दिवसातून दोनदाच आहे. शनिवार-रविवारी नाहीच. आपण शनिवारी तिकडं असू. जमणार नाही."

"गाडी भाड्यानं मिळते."

सासूबाईंचा हात बशीवर थांबला. नवरा हसत म्हणाला, "चालवणार कोण? मी? मग आपण तलाव खालून बघू."

"आई चालवेल," मुलगी म्हणाली. "आईला येते."

चष्मेवालीनं लॅपटॉपचं झाकण लावलं. "गाडी नाही," ती म्हणाली. "एवढं एक सोडून काहीही माग."

"मी सहा वर्षांत काही मागितलंच नाहीये, आई."

"म्हणून आता हे?"

"हो. म्हणून आता हे."

"पुरे," नवरा म्हणाला. त्यानं टॉवेल घेतला आणि तो तलावावर निघून गेला. रविवारी दुपारी तलाव बंद असतो, हे तिघींनाही ठाऊक होतं.

पुढच्या गुरुवारी चौकातली वीज गेली. आतल्या खोलीत तक्ता उजळेना, तेव्हा मालकानं चष्मेवालीला दुपारीच घरी जायला सांगितलं. तिनं दार किल्लीनं उघडलं, हळू, कारण सासूबाई त्या वेळी झोपलेल्या असतात. आणि उंबऱ्यातच ती खिळली.

आतून गुणगुणणं येत होतं. शब्द नसलेली, तिसऱ्या सुरावर अडखळणारी तीच चाल, जी आत्या काम करताना गुणगुणायची. पेपरमिंटचा वास येत होता. टेबलाशी कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. केस वर बांधलेले, डावा पाय खुर्चीवर दुमडलेला, मान वहीवर कललेली, आणि हातात लाल पेन्सिल.

"वन्सं," चष्मेवाली म्हणाली. म्हणजे तिच्या तोंडून ते गेलं.

पाठमोरी आकृती वळली. ती मुलगी होती.

मुलीच्या गालात गोळी होती. ती चघळायचं विसरून गेली होती, म्हणून गाल तसाच फुगलेला. त्या फुगलेल्या गालामुळं ती अकरा वर्षांचीच दिसत होती.

"तू?" चष्मेवाली कशीबशी म्हणाली. "हे सगळं तू लिहीत होतीस?"

मुलीनं मान डोलावली.

"का? का गं असं छळलंस मला?" तिचा आवाज चढला. "मला वाटलं, मला वेड लागलंय. मला वाटलं, ती..."

"मला वाटलं, तुला बरं वाटेल," मुलगी म्हणाली. "पहिल्यांदा मी नुसतं चुकलेलं दुरुस्त केलं. अक्षर तसं आलं, कारण मला तसंच येतं. मी तिची पानं गिरवून गिरवून... सहा वर्षं, आई. मग सकाळी तू वही उघडून त्या अक्षरावरून बोट फिरवलंस. मी दारातून पाहिलं. मग मला थांबताच येईना. वाटलं, ती परत येऊ शकत नाही, तर निदान मी तिच्यासारखं..."

"पण तू कशाला? तुझा काय संबंध?"

मुलीनं गोळी हातात काढून घेतली. ती कुठं ठेवावी कळेना, म्हणून मुठीतच धरली.

"तुला टपरीनंतरचं आठवत नाही ना?" ती म्हणाली. "मला आठवतं. सगळं."

चष्मेवाली खुर्चीत बसली.

"तू हळू चालवत होतीस. खूप हळू. आत्या म्हणालीसुद्धा, 'वहिनी, यापेक्षा मुंगी पुढं जाईल.' मी रुसले होते, टपरीवर तू मला दुसरं बिस्कीट घेऊ दिलं नव्हतंस म्हणून. आत्या म्हणाली, 'गोळी देऊ?' मी म्हटलं, 'तू स्वतः भरव.' मी काही हात पुढं केला नाही, आई. हाताची घडी घालून बसले. मग तिनं पट्टा सोडला आणि मागं वळली. गोळी माझ्या तोंडात घातली. आणि तेवढ्यात." ती थांबली. "तू एकदम ब्रेक मारलास. तू बघितला होतास ट्रक. ओरडलीससुद्धा, 'धरा.' तू आणि मी पट्ट्यात होतो. ती नव्हती."

चष्मेवालीनं कितीदा कल्पना केली होती, की कुणीतरी एक दिवस सांगेल, तुझी चूक नव्हती, आणि छातीवरचा धोंडा खाली पडेल. धोंडा पडला नाही. तो मुलीच्या छातीवरही सहा वर्षं होता, हे तिला आत्ता कळत होतं. मुलगी बोलत नाही, ती मला दोष देते, असं धरून ती चालली होती. एकाच घरात, एका भिंतीच्या अल्याड-पल्याड दोघी झोपत होत्या.

"तू अकरा वर्षांची होतीस," ती म्हणाली.

"म्हणून काय?"

तिनं मुलीची मूठ उघडली, चिकट गोळी काढून घेतली, पदरानं तो तळवा पुसायला लागली. पुसून झाला तरी पुसत राहिली.

आतल्या खोलीचं दार उघडलं. सासूबाई भिंत धरत बाहेर आल्या. त्यांचे कान तिखट होते, आणि त्या झोपल्या नव्हत्या.

"पेन्सिली मीच दिल्या होत्या हिला," त्या म्हणाल्या. "ट्रंकेतल्या. गिरवायला पानंही. मागितल्या तेव्हा विचारलं नाही कशाला." त्या टेबलाशी बसल्या, गुडघे चोळले. मग एकाएकी चिडून म्हणाल्या, "आणि पट्ट्याचं काय सांगतेस? एका जागी बसली होती का ती कधी? पाळण्यातून पडली, झाडावरून पडली, शाळेच्या सहलीत धावत्या बसमधून उतरायला गेली. लहानपणी मी तिला खाटेच्या खुराला बांधून ठेवून पाणी भरायला जायची. तुझ्यासाठी सोडला नसता पट्टा, तर पाटी वाचायला सोडला असता. माझी पोर होती, मला माहीत." बोलता बोलता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "मूर्ख होती. फार मूर्ख होती माझी पोर."

मग त्या रडल्या. सहा वर्षांत प्रथमच, सुनेसमोर आणि नातीसमोर, तोंड न झाकता.

संध्याकाळी नवरा आला, ओल्या केसांनी. त्याला सगळं सांगितलं. तो उभाच राहून ऐकत होता. शेवटी त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि किती तरी वेळ काढला नाही.

लगेच सगळं सुरळीत झालं, असं नाही. चष्मेवालीनं मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. हात पुन्हा बसावा म्हणून. तीन दिवस गेली. चौथ्या दिवशी समोर उभी असलेली कचऱ्याची गाडी पाहून तिनं भर रस्त्यात ब्रेक दाबला आणि पाय काही उचलला नाही. शिकवणारा माणूस भला होता. "ताई, पाय काढा. काही नाही, लोक हॉर्न वाजवतातच," असं तो दहा मिनिटं म्हणत राहिला. त्यानंतर ती गेली नाही. मुलीला तिनं सरळ सांगितलं, "गाडी मला नाही जमणार. पण गाव दाखवीन." तिनं सगळे दिवस उलटेपालटे केले, लिस्बन पुढं ढकललं, आणि खेड्यात बुधवारी पोचून रात्र काढून गुरुवारी सकाळच्या बसनं निघायचं, असं जमवलं. समासात आता मुलगी तिच्या स्वतःच्या अक्षरात लिहायची. ते अक्षर बेढब होतं, कारण तिनं ते कधी वापरलंच नव्हतं.

दुकानातल्या त्या आवाजाचं मात्र चष्मेवालीनं कुणाला काही सांगितलं नाही. वहीचा उलगडा झाला, त्याचा झाला नाही. अंधाऱ्या खोलीत काच बदलताना आजही ती प्रश्न विचारून क्षणभर थांबते.

मे महिन्यात ते गेले. गाड्या वेळेवर आल्या, एक सोडून सगळ्या. बुधवारी संध्याकाळी खेड्यातली पांढरी घरं पाहिली, तलाव पाहिला. सासूबाई दगडी कट्ट्यावर बसून बराच वेळ पाण्याकडं पाहत म्हणाल्या, "चांगलं आहे. तिनं चौकट काढली ती काही उगाच नाही." गुरुवारी सकाळी चौघं बसथांब्यावर उभे राहिले. बस आली नाही. पाऊण तास झाला. नवऱ्यानं वही मागितली. तिच्यात दुसरी गाडी लिहिलेली नव्हती, तिसरीही नव्हती. पहिल्यांदाच.

तेवढ्यात वेशीतून एक जुनी पांढरी गाडी आली आणि त्यांच्यापाशी थांबली. आत साठीच्या एक बाई होत्या, मागं पावांच्या रिकाम्या टोपल्या. त्या भराभर काहीतरी बोलल्या, मनगटावरचं घड्याळ दाखवलं, बसथांब्याकडं बोट करून नकारार्थी मान हलवली, आणि खालच्या मोठ्या गावाकडं हात केला. मग त्यांनी टोपल्या सरकवून मागं तिघांपुरती जागा केली आणि शेजारची पुढची सीट थोपटली. चष्मेवालीकडं बघून.

नवरा म्हणाला, "मी बसतो पुढं. किंवा थांबू. दिवसातून दोनदा येते ना बस, चार तासांनी आहे दुसरी."

"आईंना चार तास उभं करणार?" चष्मेवाली म्हणाली. तिनं सासूबाईंना मागं बसवलं, त्यांचा पट्टा लावला. मुलीचा लावला. खेचून पाहिला. मग पुढचं दार उघडून, सहा वर्षांनी प्रथमच गाडीत पुढं, ती त्या बाईंच्या शेजारच्या सीटवर बसली. बाईंनीच वाकून तिचा पट्टा अडकवला.

रस्ता वळणावळणाचा होता आणि समोर सगळा उघडा दिसत होता. बाई अखंड बोलत होत्या. चष्मेवालीला एक शब्द कळत नव्हता, तरी ती "हो, हो" म्हणत होती. दुसऱ्या वळणावर तिला राहवेना. तिनं मागं वळून पाहायचा प्रयत्न केला. पट्ट्यानं तिला अर्ध्यावरच धरलं. तेवढ्यातून तिला मुलीचा गुडघा दिसला, आणि गुडघ्यावरचा हात.

"मी आहे, आई," मागून मुलगी म्हणाली. "तू पुढं बघ."

खाली पोचेपर्यंत त्यांची पुढची ट्रेन निघून गेली होती. स्टेशनच्या बाकावर त्यांनी तीन तास काढले. सासूबाई लेकाच्या खांद्यावर डोकं टेकून घोरत होत्या, आणि चष्मेवाली मुलीला टपरीवरच्या त्या पाटीची गोष्ट सांगत होती, कारण ती नेमकी मुलीला आठवत नव्हती.